अल्फाफोल्ड सर्व्हर : जोडणी झकास, मोजणी आपली आपण

हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे, फेरिटिन चोवीस साखळ्यांचे, शेंगदाण्यातले ॲराकिन सहा जोड्यांचे. एकट्या साखळीची घडी बसली म्हणजे प्रथिन कामाला लागले, असे थोड्यांच्याच बाबतीत होते. बाकीच्यांना आधी एकमेकींचा हात धरावा लागतो. हा हात कुठे आणि कसा धरला जातो, ते चित्र काढून देणारी फुकट सेवा म्हणजे अल्फाफोल्ड सर्व्हर. गूगल डीपमाइंडने अल्फाफोल्ड ३ बरोबर तो मे २०२४ मध्ये खुला केला. त्याच वर्षी रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांचा वाटा होता, तो याच्या आधीच्या आवृत्तीच्या कामासाठी. हे परीक्षण सोलापुरातल्या जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि बायोटेक शिकवणाऱ्या-शिकणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे जिथे साधा डेस्कटॉप आहे, जेलची एखादी टाकी आहे, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, अशा प्रयोगशाळेसाठी.

आधी निकाल सांगून टाकू. वापरा, जरूर वापरा. पण सबयुनिट, म्हणजे गठ्ठ्यातल्या साखळ्या, किती, हा प्रश्न त्याला विचारू नका. तो आकडा त्याला तुम्हीच द्यायचा असतो.

सोलापुरी चादरीचा जॅकार्ड माग डोळ्यांपुढे आणा. पंचकार्डावर जी नक्षी टोचली तीच कापडात उतरते. मोर उलटा टोचला तर माग थांबून विचारत नाही, उलटा मोर तितक्याच सफाईने विणून देतो. या सर्व्हरवर प्रतींची एक चौकट आहे. तिथे ३ लिहिले की तिघांची वीण, ४ लिहिले की चौघांची. चित्र दोन्ही वेळा देखणेच येते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

हिमोग्लोबिन टाकून बघू

सुरुवातीला हिमोग्लोबिनच घ्यावे, कारण उत्तर आधीच माहीत आहे. युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसाठ्यावरून दोन सिक्वेन्स, म्हणजे अमिनो आम्लांचे क्रम, घ्या: अल्फा साखळी पी६९९०५, बीटा साखळी पी६८८७१. तिथे अल्फाची लांबी १४२ आणि बीटाची १४७ दिसेल. पुस्तकात मात्र १४१ आणि १४६ असते. फरक पहिल्या मेथिओनिनचा. पेशी तो काढून टाकते, तुम्हीही काढा. काढल्यावर दोन्ही साखळ्या व्हॅलिनने सुरू व्हायला हव्यात, ही सोपी खूण. एका मेथिओनिनने चित्र फारसे बिघडत नाही, पण सवय इथेच लावून घेतलेली बरी. पुढे पन्नास-पन्नास अवशेषांचे, म्हणजे साखळीतल्या अमिनो आम्लांचे, शेपूट विसरले जाते, तेव्हा चांगलेच बिघडते. ते खाली येईलच.

सर्व्हरवर प्रोटीन निवडून अल्फा चिकटवा, प्रती २. ‘ॲड एंटिटी’ दाबून बीटा, प्रती २. पुन्हा ‘ॲड एंटिटी’, या वेळी लिगँड (प्रथिनाला चिकटणारा लहान रेणू), यादीतून हीम, प्रती ४. सीड (गणना जिथून सुरू होते तो आकडा) आपोआप राहू दिला तरी चालतो, पण प्रकल्पाच्या अहवालात तोच निकाल पुन्हा काढून दाखवायचा असेल तर ठरावीक आकडा घालून ठेवा. मग प्रीव्ह्यू, मग सबमिट. दिवसाला किती कामे टाकता येतील याला मर्यादा आहे. सुरुवातीला ती १० होती, नंतर वाढवली. वर्गातल्या तीस जणांनी एकाच खात्यावरून काम करायचे म्हटले तर ती पुरणार नाही, ज्याने त्याने आपले खाते वापरावे.

आकाराचा हिशेब टोकनमध्ये होतो आणि एका कामाला ५,००० टोकनची कमाल मर्यादा आहे. एक अमिनो आम्ल म्हणजे एक टोकन, लिगँडचा मात्र हायड्रोजन सोडून प्रत्येक अणू एक टोकन. हीमचे असे ४३ अणू. म्हणजे १४१ दुणे २८२, १४६ दुणे २९२, आणि ४३ चोक १७२, मिळून ७४६. हे लहान काम आहे, निकालाला फार ताटकळावे लागत नाही.

निकाल आला की रंग बघून लगेच खूश होऊ नका. गडद निळा म्हणजे त्या जागेची खात्री ९० च्या वर, फिका निळा ७० ते ९०, पिवळा ५० ते ७०, नारिंगी ५० च्या खाली. पण हा रंग सांगतो तो मुख्यतः साखळीच्या आपल्या घडीबद्दल. शेजारणीशी जोड नीट बसला की नाही, याचा आकडा वेगळा: आयपीटीएम. तो ०.८ च्या वर असेल तर जोडणीवर भरवसा ठेवायला हरकत नाही, ०.६ च्या खाली असेल तर जोडणी बहुधा चुकली, आणि मधला पट्टा संशयाचा. अख्खा साचा निळाशार आणि आयपीटीएम ०.३, असेही होते. म्हणजे साखळ्या दोन्ही बरोबर, एकमेकींजवळ ठेवल्या मात्र अंदाजपंचे. हे विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगावे, नाहीतर अहवालात निळ्या रंगाचे फोटो येतात आणि आकडा कुठेच नसतो.

पीएई नावाचा चौकोनी आलेखही बघा. कर्णावरचे गडद हिरवे चौकोन म्हणजे प्रत्येक साखळी स्वतःशी, कर्णाबाहेरचे चौकोन म्हणजे एक साखळी दुसरीच्या तुलनेत. कर्णाबाहेर पांढरे पडले असेल तर त्या जोडीची परस्पर जागा ठरलेली नाही. झिप उतरवून घेतली की तिच्यात पाच मॉडेल आणि त्यांच्या जेसन फायली असतात. सारांशाच्या जेसनमध्ये प्रत्येक जोडीचा वेगळा आयपीटीएम तक्त्यात दिलेला असतो. चार साखळ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये हा तक्ता एकूण आकड्यापेक्षा जास्त बोलतो. त्याच फाइलमध्ये साखळ्या एकमेकींत घुसल्या आहेत का, याची खूण असते. एकाच साखळीच्या पुष्कळ प्रती टाकल्या की क्वचित अख्ख्या साखळ्या एकावर एक बसतात. हा दोष खुद्द निर्मात्यांनीच आपल्या शोधनिबंधात नोंदवला आहे, तेव्हा खूण बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मॉडेल उघडायला ब्राउझरमधला मोलस्टार पुरतो, मोजमापासाठी किमेराएक्स बरा. हीममधल्या लोहाजवळ अल्फात ८७ वा आणि बीटात ९२ वा हिस्टिडीन आला आहे का ते बघा. मग जोड बघा. प्रत्येक अल्फा दोन्ही बीटांना टेकते, पण सारखी नाही. एकीशी मोठा, घट्ट जोड, तो अल्फा-१ बीटा-१. दुसरीशी लहान, सरकता जोड, तो अल्फा-१ बीटा-२. ऑक्सिजन धरताना-सोडताना पहिला जवळजवळ हलत नाही, दुसरा सरकतो, आणि एक जोडी दुसरीच्या तुलनेत साधारण १५ अंशांनी फिरते. हिमोग्लोबिनची सगळी करामत या सरकण्यात आहे. आणि नेमके तेच सर्व्हरवर दाखवता येत नाही. लिगँडच्या यादीत हीम आहे, एटीपी आहे. ऑक्सिजन नाही, हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावणारे २,३-बीपीजी नाही. ‘ऑक्सिजन सोडलेली अवस्था दे’ असे सांगायची सोय नाही. ती तुलना करायची तर प्रोटीन डेटा बँकेतल्या प्रयोगातून मिळालेल्या रचनाच घ्याव्या लागतात: ऑक्सिजनविना २एचएचबी, ऑक्सिजनसह १एचएचओ. त्यातही एक मेख आहे. १एचएचओ उघडली की दोनच साखळ्या दिसतात. क्रिस्टलमध्ये उरलेली अर्धी बाजू सममितीने तयार होते, म्हणून फाइलमध्ये अर्धेच लिहिलेले असते. उतरवताना ‘बायॉलॉजिकल असेंब्ली’ निवडली की चारही मिळतात. हे न कळल्यामुळे हिमोग्लोबिन डायमर असते असे कुणी लिहिले, तर दोष क्रिस्टलचा नाही.

एवढे सगळे जुळून आले तरी सर्व्हरची परीक्षा झाली असे समजू नका. हिमोग्लोबिनच्या रचना डेटा बँकेत शेकड्यांनी आहेत आणि हे मॉडेल सप्टेंबर २०२१ पर्यंतच्या त्याच साठ्यावर शिकले आहे. फुटलेल्या पेपरात पैकीच्या पैकी मिळाले तर कौतुक किती करायचे?

प्रतींच्या चौकटीत काय लिहायचे

आता अल्फा काढून टाका आणि नुसती बीटा घाला, प्रती ४. सर्व्हर चार बीटांचा टेट्रामर काढून देईल. तो खोटा नाही. अल्फा थॅलेसेमियात अल्फा साखळ्या कमी पडतात तेव्हा उरलेल्या बीटा खरोखरच असा चौकडा करतात. त्याला हिमोग्लोबिन एच म्हणतात, आणि ऊतींना ऑक्सिजन सोडून देण्याच्या कामी तो निरुपयोगी असतो. निरोगी माणसाच्या रक्तात तो का नसतो? कारण जवळ अल्फा असेल तर बीटा तिलाच आधी धरते. अल्फा किंचित धन भाराची, बीटा ऋण भाराची, ओढ तिथूनच. आधी अल्फा-बीटा अशी जोडी होते, मग दोन जोड्या मिळून चौकडा. सर्व्हर ही वाट दाखवत नाही, शेवटचा मुक्काम दाखवतो. दोन पर्यायांत कोणता आधी घडेल, हे त्याच्या प्रश्नपत्रिकेतच नाही.

यापेक्षा झोंबणारे उदाहरण यीस्टमधल्या जीसीएन४ या प्रथिनाच्या ल्यूसीन झिपरचे. तेहतीस अवशेषांचा तुकडा, नैसर्गिक रूपात दोन-दोनने जुळणारा. पेर हॅरबरी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले की जोडाच्या आतल्या बाजूची ल्यूसीन-व्हॅलिन-आयसोल्यूसीनची मांडणी बदलली की तोच तुकडा दोनाऐवजी तिघांचा किंवा चौघांचा गठ्ठा बांधतो. बाहेरून काही बदललेले नसते. असा सिक्वेन्स कुणी तुमच्या हातात दिला आणि तुम्ही २, ३, ४ अशा तिन्ही प्रती चालवून बघितल्या, तर जास्त आयपीटीएम आला तो खरा, असे म्हणायचा मोह होतो. म्हणू नये. तो आकडा एवढेच सांगतो की इतक्या प्रती असतील तर त्या अशा बसतील असे मॉडेलला किती खात्रीने वाटते. किती असतील, हा वेगळा प्रश्न आहे.

शिवाय किती, याचे उत्तर एकच एक असते असेही नाही. सर्व्हरवर तीव्रतेची चौकट नाही, मिठाची नाही, पीएचची नाही, तापमानाची नाही. जोडणी म्हणजे तोल आहे, आणि पाणी वाढवले की तो सुटा होण्याकडे झुकतो. ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनच्या चौकड्याचा दोन जोड्यांत सुटण्याचा स्थिरांक साधारण १ मायक्रोमोलरच्या घरात असतो. तो १ धरून हिशेब करा. मिलीला १ मिलिग्रॅम द्रावणात चौकड्याची तीव्रता १५.५ मायक्रोमोलर भरते आणि सुमारे १२ टक्के साखळ्या सुट्या जोड्यांत असतात. दहापट पातळ करा, ३३ टक्के. शंभरपट करा, ७० टक्के. म्हणजे तोच नमुना, तीच बाटली, आणि मायक्रोपिपेटच्या दोन झटक्यांत चौकडा बहुतांशी फुटलेला. ऑक्सिजन काढून घेतला तर हाच जोड कितीतरी पटींनी घट्ट होतो. सर्व्हरचे चित्र या सगळ्यात तसूभरही हलत नाही.

मग आकडा आणायचा कुठून?

प्रयोगाच्या टेबलावरून. जिथे खर्च कमी तिथून सुरुवात करू.

एसडीएस जेल सबयुनिटचे वजन सांगते, गठ्ठ्याचे नाही; एसडीएस जोड तोडूनच टाकते. हिमोग्लोबिनचा पट्टा १६ किलोडाल्टनपाशी येतो, ६४ पाशी नाही. एसडीएसविना चालवलेल्या नेटिव्ह जेलमध्ये गठ्ठा शाबूत राहतो, पण तिथे शेजारी मार्कर लावून वजन वाचू नका. नेटिव्ह जेलमध्ये पट्टा किती धावेल हे भारावरही ठरते. वजन काढायचेच असेल तर ५, ६, ७, ८, ९ टक्क्यांची पाच जेल ओतून, टक्केवारीप्रमाणे धाव किती घटते त्या उतारावरून काढावे लागते. मेहनतीचे काम आहे. एका जेलवरून ‘टेट्रामर सिद्ध झाला’ लिहिणे सोपे असते, म्हणून तसे बरेच जण लिहितात.

महाविद्यालयाला झेपणारी आणि वर्गात दाखवण्याजोगी पद्धत म्हणजे ग्लुटराल्डिहाइडने जोड पक्के करणे. प्रथिन मिलीला ०.५ मिलिग्रॅम, ५० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.४. ट्रिस बफर अजिबात नको. ट्रिसमध्ये अमाइन असते, ग्लुटराल्डिहाइड प्रथिन सोडून त्यालाच धरते आणि प्रयोग न झाल्यासारखा होतो. शेवटची तीव्रता ०.०२ टक्के राहील असे ग्लुटराल्डिहाइड घाला. ०, १, २, ५ आणि १० मिनिटांना २० मायक्रोलिटर काढा आणि प्रत्येकात लगेच १ मोलर ट्रिस, पीएच ८, २ मायक्रोलिटर घालून थांबवा. तीच ट्रिस इथे कामाची. मग एसडीएस बफरमध्ये उकळून १२ टक्के जेल. चौकडा असेल तर वेळेबरोबर १६, ३२, ४८, ६४ अशी शिडी चढत जाते आणि ६४ पाशी थांबते. थांबते, हे महत्त्वाचे. त्याच्याही वर धुरासारखा डाग पसरत गेला आणि विहिरीच्या तोंडाशी रंग साचला तर ग्लुटराल्डिहाइड जास्त झाले, एकमेकांवर आदळलेले सगळेच चिकटले. शेजारी लायसोझाइम चालवा, १४.३ किलोडाल्टनचे एकटे राहणारे प्रथिन. त्याचीही शिडी दिसू लागली तर तुमची शिडी विश्वासाची नाही. काम धुराड्याखाली (फ्यूम हूडमध्ये) करा, आणि न जमलेल्या ॲक्रिलामाइडला उघडा हात लावू नका.

सोलापूरच्या उन्हाळ्याची एक सूचना इथेच. दहा मिली जेलला नेहमीप्रमाणे १० मायक्रोलिटर टेमेड (जेल थिजवणारे रसायन) घातले तर मेमध्ये जेल काचांत पोहोचण्याआधी बीकरमध्येच थिजते. ॲक्रिलामाइड आणि बफर आधी बर्फावर गार करा, टेमेड निम्मे करा, तोही अगदी शेवटी. नेटिव्ह जेलची टाकी बर्फाच्या परातीत ठेवून ८० ते १०० व्होल्टवरच चालवा. घाईने व्होल्टेज वाढवले की जेल तापते, जोड सुटतो आणि पट्टा पसरट येतो. मध्येच लाइट गेली तर पट्टे जागच्या जागी पसरू लागतात. अर्ध्या तासापेक्षा जास्त गेली तर ते जेल टाकून द्यावे. मात्र थंड ठेवले म्हणजे सगळे शाबूत, हा समजही सरसकट खरा नाही. ट्युब्युलिनच्या नळ्या ४ अंशांना सुटतात, उबेत पुन्हा जुळतात. प्रथिन कोणते, ते आधी बघा.

जेल फिल्ट्रेशनचा कॉलम असेल तर उत्तमच. सेफाडेक्स जी-१०० हिमोग्लोबिनसारख्या ६४ किलोडाल्टनच्या गठ्ठ्याला चालतो. दीडशेच्या वर गेलात की नमुना रिकाम्या आकारमानातच, म्हणजे दाण्यांत न शिरता, बाहेर पडतो, तिथे सेफॅक्रिल एस-३०० हवा. कॉलममध्ये नमुना आपोआप पातळ होतो, वरचा ३३ टक्क्यांचा हिशेब इथे आठवा. हिमोग्लोबिनचे शिखर ६४ च्या खाली सरकलेले दिसले तर कॉलम बिघडलेला नसतो. लांबट प्रथिने याच्या उलट फसवतात: झिपरसारखी काडी लवकर बाहेर येते आणि आहे त्यापेक्षा मोठी वाटते.

शेंगदाणे, चटणीआधीचे

सोलापुरात या कामाला स्वस्त आणि भरपूर मिळणारे प्रथिन कोणते, तर शेंगदाण्याचे. पण चटणीतले नको. भाजून कुटलेल्या दाण्यात प्रथिने उष्णतेने विसकटून एकमेकांना चिकटलेली असतात, धड विरघळतही नाहीत. कच्चे दाणे वाटून हेक्सेनने तेल काढा, पीएच ८ च्या आसपासच्या बफरमध्ये ०.५ मोलर मीठ घालून प्रथिन ओढा, अमोनियम सल्फेट ४० टक्के संपृक्ततेला नेले की ॲराकिन खाली बसते. मीठ ठेवायचे ते चवीपुरते नव्हे. ते कमी केले की ॲराकिनचे सहाचे गठ्ठे तीन-तीनमध्ये फुटतात.

सर्व्हरला सर्वात जास्त अडचणीत आणणारी गोष्ट याच प्रथिनात आहे. ॲराकिन, म्हणजे ॲलर्जीवाल्यांचे आरा एच ३, पेशीत एकाच लांब साखळीच्या रूपात तयार होते. सुरुवातीचा सिग्नल पेप्टाइड कापला जातो. मग तीन साखळ्या जुळून तिकडी होते. ही तिकडी बीजातल्या प्रथिनाच्या कोठारात पोहोचली की एक एन्झाइम प्रत्येक साखळी एका ॲस्परजिनच्या पुढे कापते. तुकडे दोन होतात, एक आम्लधर्मी, एक अल्कधर्मी, पण डायसल्फाइड बंधाने बांधलेलेच राहतात. हा काप झाल्यावरच दोन तिकड्या तोंडाला तोंड लावून सहाचा गठ्ठा बनतो. न कापलेल्या तिकडीत त्या पृष्ठावरचा सैल भाग आड येतो. युनिप्रॉटचा सिक्वेन्स तसाच उचलून प्रती ६ लिहिल्या तर तुम्ही सर्व्हरला असे काहीतरी जुळवायला सांगता, जे पेशीत त्या रूपात जुळतच नाही. बरोबर पद्धत अशी: सिग्नल काढा, कापाच्या जागी साखळी तोडा, दोन तुकडे दोन वेगवेगळ्या एंटिटी म्हणून घाला, दोन्हींच्या प्रती ६. टोकन तीन हजारांच्या आसपास भरतात, काम मर्यादेत बसते. मॉडेल आले की दोन्ही तुकड्यांमधले सिस्टीन खरोखर बंधाच्या अंतरावर आले आहेत का बघा. तिकडी हवी असेल तर न कापलेली साखळी, प्रती ३. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की काप कशासाठी, हे फळ्यावर तासभर सांगण्यापेक्षा लवकर समजते. या एका धड्यासाठीसुद्धा सर्व्हर वापरण्याजोगा आहे.

जेलवरही हाच काप दिसतो. डायसल्फाइड बंध तोडणारे डीटीटी न घालता एसडीएस जेल चालवली की पट्टा साठच्या सुमारास, डीटीटी घातले की चाळीस आणि वीसच्या आसपास दोन पट्टे.

मोठे गठ्ठे

५,००० टोकनांत काय मावते? माणसाच्या फेरिटिनची जड साखळी मेथिओनिनविना १८२ ची, चोवीस प्रतींचे ४,३६८, म्हणजे अख्खा गोल मावतो. जीवाणूचे ग्रोईएल ५४७ चे, सातांच्या दोन कड्यांचे. १४ प्रती म्हणजे ७,६५८, मावत नाही. एक कडे ३,८२९, आणि त्यावर ९७ ची सात ग्रोईएसची टोपी घातली तरी ४,५०८, मावते. पण एकाच कड्याचे चित्र बघून ग्रोईएल एका कड्याचे असते, असा निष्कर्ष कुणी काढू नये. वीस-एस प्रोटिआसोम अठ्ठावीस साखळ्यांचे, ते बाहेरच.

पालकाचे रुबिस्को गंमतीचे. मोठी साखळी ४७५, लहान १२३, प्रत्येकी आठ, ४,७८४. अगदी काठावर मावते. लहान साखळी केंद्रकातल्या जनुकावर बनते आणि हरितलवकात शिरताना सुमारे ५५ अवशेषांचे शेपूट कापून घेते. ते शेपूट विसरून राहिले तर गणित ५,२०० च्या वर जाते आणि सर्व्हर कामच घेत नाही. या बाबतीत मर्यादाच शिक्षकाचे काम करते.

अर्धी कडी टाकणे मात्र टाळा. सहाच्या कड्याच्या तीन प्रती दिल्या की उरलेल्या तिघांना टेकायची पृष्ठे उघडी पडतात, आणि मॉडेल कधी कमान उघडी ठेवते, कधी तिघांनाच ओढूनताणून गोल बंद करते.

सिकलसेलच्या प्रकल्पासाठी हे साधन नव्हे. बीटाच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन (युनिप्रॉटच्या मोजणीत मेथिओनिन धरून सातव्या) टाकून बघा, चित्र जवळजवळ तेच येईल. एका अवशेषाच्या बदलाला हे मॉडेल फारसे दाद देत नाही. प्रत्यक्षात तो व्हॅलिन शेजारच्या चौकड्यातल्या बीटाच्या ८५ व्या फेनिलॲलॅनिन आणि ८८ व्या ल्यूसीनच्या खोबणीत बसतो, तेही ऑक्सिजन सोडल्यावरच, आणि चौदा पदरांचा दोर वळला जातो. हा दोर सर्व्हर वळून दाखवणार नाही.

डाळिंबावरच्या तेल्याचा झँथोमोनास इथल्या प्रकल्पांचा आवडता विषय, आणि त्याच्या बहुतेक एन्झाइमांची प्रयोगातून मिळालेली रचना नसते. तिथे आधी जवळच्या नात्यातल्या जीवाणूचे तेच एन्झाइम डेटा बँकेत शोधा, ते कितीच्या गठ्ठ्यात आहे बघा, युरोपच्या ईबीआय संस्थेच्या पिसा या फुकट सेवेवर त्याचे जोड क्रिस्टलमधले योगायोगाचे की पक्के ते तपासा. त्या आकड्याने सर्व्हर चालवा, आणि तो आकडा ग्लुटराल्डिहाइडच्या शिडीवर पडताळा. सैल टोके, म्हणजे पहिल्या फेरीत नारिंगी आलेली शेपटे, दुसऱ्या फेरीत कापून टाकली तर आयपीटीएम विनाकारण खाली ओढला जात नाही. ‘क्लोन अँड रीयूज’ने मागचे काम उघडले की सगळे पुन्हा चिकटवावे लागत नाही.

अटी नीट वाचा: वापर अव्यावसायिक कामापुरता. औषध कंपनीसाठी काम करणाऱ्यांनी आणि निकाल डॉकिंगला घालू पाहणाऱ्यांनी त्या दोनदा वाचाव्यात, कारण लिगँड कुठे बसेल याचा अंदाज बांधणाऱ्या साधनांत हे मॉडेल वापरायला मनाई आहे. अल्फाफोल्ड ३ चा कोड नोव्हेंबर २०२४ पासून शैक्षणिक वापरासाठी मिळतो, पण पाच हजार टोकनांच्या कामाला ८० जीबीचे ग्राफिक्स कार्ड लागते; महाविद्यालयाच्या संगणक कक्षात तो विषयच नाही. प्रयोगशाळेत इंटरनेट अधूनमधून जाते म्हणून अडत नाही, एकदा सबमिट झाले की काम त्यांच्याकडे चालू राहते, निकाल नंतर उघडला तरी चालतो. झिप मात्र त्याच दिवशी उतरवून घ्या आणि सीड, प्रतींचा आकडा, तो आकडा कुठून आणला, हे तिन्ही वहीत लिहून ठेवा. तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक पहिल्यांदा शेवटचेच विचारतो.